ट्यूबलाइटमधील ॲल्युमिनाचा थर खालच्या टोकाशी जाड बसतो

प्रश्न:
नमस्कार. ट्यूबलाइट बनवणाऱ्या कारखान्याच्या लेपन विभागात मी नुकताच रुजू झालो आहे. २६ मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून फॉस्फर पावडर (अतिनील किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणारी) देण्याआधी आम्ही ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, पातळ थर देतो. उभ्या नळीत ॲल्युमिनाचा पाण्यातील घोळ वरून सोडला की खालच्या वीतभर भागात तो जाड बसतो आणि भट्टीतून निघाल्यावर नेमके तेथेच पावडरीचे पापुद्रे सुटतात. हा थर काचेच्या मजबुतीसाठी असेल, तर तो पातळ करणे धोक्याचे ठरेल का?

उत्तर १:
मजबुतीशी त्याचा संबंध नाही. हा गैरसमज मीही बरीच वर्षे बाळगला होता. नळीची काच सोडा-लाइमची असते आणि तिच्यातील सोडियम हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते. नळीत वाफेच्या रूपात अतिनील किरण निर्माण करणारा पारा त्याच्याशी व काचेशी बांधला गेला की काच काळवंडते आणि वाफेसाठी पारा कमी पडतो. ॲल्युमिनाचा थर काच आणि पारा यांच्यामध्ये आडवा उभा राहतो. शिवाय पावडरीतून निसटलेले २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण तो पुन्हा पावडरीकडे परतवतो, त्यामुळे पावडरही थोडी वाचते. युरोपीय संघाने २०१२ पासून २०२३ पर्यंत या व्यासाच्या सर्वसाधारण आयुष्याच्या ट्रायफॉस्फर (तीन रंगांच्या फॉस्फरचे मिश्रण असलेल्या) नळीसाठी पाऱ्याची मर्यादा ३.५ मिलिग्रॅम ठेवली होती. इतक्या थोड्या पाऱ्यात काचेने वाटा मागून चालत नाही.

तेव्हा थर सलग हवा, जाड नव्हे. घोळ खाली ओघळणारच, म्हणून त्याचा दाटपणा रोज मोजावा आणि गरम हवेचा झोत असा ठेवावा की ओघळ खाली साचण्याआधी थर बसेल. मात्र पहिला थर पुरता सुकला नसेल, तर पावडरीचा घोळ त्याला धुऊन नेतो.

उत्तर २:
बाइंडरकडेही, म्हणजे घोळातील कण काचेला धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाकडेही, पाहावे. जाड भागातील बाइंडर भट्टीत पूर्ण जळला नाही, तर राहिलेला कार्बन पुढे नळीतील वायू दूषित करतो. पण तापमान वाढवत नेले, तर काचच मऊ पडून नळी वाकते. माझ्या मते आधी भट्टीतील हवा वाढवावी, तापमानाला शेवटी हात लावावा. दोन्ही टोकांचा लेप पुसून घेणेही विसरू नये, कारण कॅथोडचा (टोकाच्या विद्युतअग्राचा) काचेचा खांब तेथेच जोडला जातो आणि मध्ये पावडर राहिली, तर जोड गळतो.

उत्तर ३:
नळीवरच्या इतर थरांनाही लेपच म्हणतात, म्हणून एक खुलासा करतो. स्टार्टरशिवाय चालणाऱ्या रॅपिड-स्टार्ट नळ्यांना बाहेरून सिलिकोनचा लेप देतात, तो दमट हवेत काचेवर पाण्याचा सलग पापुद्रा धरू नये आणि नळी पेटण्यास अडचण येऊ नये म्हणून. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत फुटलेली काच विखुरू नये यासाठी नळीवर फ्लुओरोपॉलिमरचे (टेफ्लॉनसारख्या प्लॅस्टिकचे) आवरण चढवतात. आपल्या आतल्या थराचा या दोन्हींशी संबंध नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. आज सकाळी व दुपारी दाटपणा तपासला. पिंपातील पाणी उडाल्यामुळे घोळ सकाळच्या पाळीपेक्षा दुपारी बराच दाट होतो आणि पापुद्रे सुटलेल्या नळ्याही बहुतेक दुपारच्याच आहेत. पिंपावर झाकण बसवून घेतो आहे.