मदत हवी आहे : मालकांना नाही कसं म्हणू?

सर्वांना जय ख्रिस्त. इतवारीतल्या एका होलसेल दुकानात मी हिशेब बघतो. मालक मायाळू आहेत. आईच्या ऑपरेशनला त्यांनीच उचल दिली, ती अजून फिटायची आहे. पण दिवाळीपासून रोज चार-पाच विक्र्या जीएसटीशिवाय, साध्या चिठ्ठीवर लिहायला लावतात. पेन हातात घेतलं की जीव कासावीस होतो. प्रार्थना चालूच आहे, पाळकांशीही बोललो. मालकांना एकदा सांगून पाहिलं, त्यांनी हसून विषय बदलला. बायबलमध्ये कलस्सै 3:22 धन्याचं ऐकायला सांगतं, प्रेषितांची कृत्ये 5:29 आधी देवाचं. बायबलमधल्या दानिएलाने राजाचं अन्न नाकारताना, शाकभाजी खाऊन दाखवायला कारभाऱ्याकडे निदान 10 दिवस मागून घेतले होते! घर माझ्याच पगारावर चालतं, तरी नकार द्यायचा हे ठरलंय. अशा प्रसंगातून गेलेल्यांनी मालकापुढे नेमके कोणते शब्द वापरले?