मदत हवी आहे: आईचा व्हॉन विलेब्रँड फॅक्टर वाढलाय
मंडळी, फोंड्याहून लिहितेय. आईला ल्युपस (स्वतःचीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटते तो आजार), औषधं चालू आहेत. हल्ली फ्रीझरमधली मासळी काढली तरी तिची बोटं आधी पांढरी मग निळी पडतात, म्हणून यावेळी रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टरपण (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) तपासला तर तो आला जास्त आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट) मात्र नॉर्मल. वाचलं की हा रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून सुटतो, अस्तर दुखावलं की वाढतो, पण साध्या इन्फेक्शननेही वाढतो आणि ओ ग्रुपवाल्यांचा मुळात कमीच असतो (आई ओच!), मग नेमकं समजायचं काय? ल्युपसमध्ये सीआरपी बऱ्याचदा नॉर्मलच राहतो म्हणे. अपॉइंटमेंट चतुर्थीनंतरची, तोवर जीव टांगणीला. कोणाकडे असं झालंय का, डॉक्टरांनी पुढे एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या सुजेसाठीची रक्ततपासणी) वगैरे करायला लावलं का? काढे नका सुचवू प्लीज.