जोगव्याले भीक म्हनणारा कायदा कोनी तपासला होता काय?

संबळवाला_पोट्टा
राम राम मंडळी. पोस्ट लांब हाये, पण वाचून घ्या.

आम्ही गोंधळी. गाव दारव्हा तालुक्यात. दोन एकर कोरडवाहू, तेही अजून आज्याच्याच नावावर. बाबा लगनसराईत गोंधळ घालते, अन् घट बसायच्या आधीपासून संबळ-तुणतुणं घेऊन फिरते. घरं ठरलेली हायेत, काही तं आज्याच्या वक्तापासूनची. मी बीए केलं, आता तालुक्याले एका सेतू केंद्रात लोकाईचे फॉर्म भरतो.

मागच्या नवरात्रात बाबा अन् मोठेबाबा एका मोठ्या शहरात गेले. नाव लिहत नाई. देवळाबाहेर वाजवून रायले होते, लोकं परडीत पैसे टाकून रायले होते. गाडी आली, दोघाईले बसवलं. दुसऱ्या दिवशी साहेबापुढं उभं केलं. साहेबानं इचारलं, भीक मागता का? बाबा म्हणे, नाई साहेब, जोगवा मागतो. कागदावर उतरलं ते फक्त 'मागतो'. पुन्हा मागणार नाही असं हमीपत्र लिहून घेतलं अन् सोडलं. संबळ सतरा दिवसांनी भेटलं, एका बाजूचं कातडं फाटलेलं.

तवापासून बाबा बाहेर पडले नाई. ठरलेल्या घरून फोन येते, तरी नाई म्हणते. "लिहून देल्लं हाये" म्हणते.

मी शोधलं तं कायदा 1959 चा निंघाला, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. दिल्लीच्या हायकोर्टानं तो 2018 मधी उडवला म्हणे. मंग इथं काऊन जिता हाये? अन् दुसरं, कायदा बनवायच्या आधी तो गरिबावर अन्याय करते का, माणसाच्या हक्काले धरून हाये का, हे पाहणारं कोनी असते, का बनला की बनला?

कास्तकार_मूर्तिजापूर
रस्ता झाल्यावर त्याची जाडी मोजाले कोनी येत नाई भाऊ, अन् तू कायद्याचं इचारतं. बाकी बाबाले सांग, आमच्या घरी अजून गोंधळाशिवाय लगन उरकत नाई. मे महिन्यात पुतणीचं हाये. या म्हणा.

जुना_शिरस्तेदार
पोरा, मी 31 वर्षं कोर्टात काढली. आधी कारकून, शेवटी शिरस्तेदार. वकील नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

दुसरा प्रश्न आधी घेतो. पाहणारे असतात, पण तू म्हणतोस तसं पाहत नाहीत. विधेयकाचा मसुदा विधी व न्याय विभागाच्या हाताखालून जातो. भाषा बरोबर आहे का, हा विषय राज्याच्या अधिकारातला आहे का, घटनेला कुठं अडतं का, एवढं तिथं बघतात. पुढं सभागृहात वाचनं होतात. सभागृहाला वाटलं तर संयुक्त समितीकडं जातं. वाटलं तरच, सक्ती नाही. 2024 च्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचं तसं झालं. समितीकडं लोकांच्या बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, मसुद्यात काही बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं. केंद्रानं 2014 मध्ये ठरवलं की मसुदा निदान 30 दिवस लोकांपुढं ठेवायचा, पण ते नुसतं धोरण आहे, आणि तेही केंद्राच्या खात्यांपुरतं. या कायद्यानं कोणाच्या हक्कावर पाय पडतो, असा वेगळा दाखला विधेयकाला जोडायची सक्ती आपल्याकडं नाही. साध्या फेरफारासाठी तलाठी चार कागद मागतो, इथं तो एकही नाही!

खरी तपासणी होते ती नंतर, कोर्टात. घटनेचं कलम 13 सांगतं की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल. 'तेवढ्यापुरता' हा शब्द ध्यानात ठेव, पुढं लागेल. कोर्ट बघतं की लोकांत जो भेद केला त्याला बूड आहे का, तो भेद कायद्याच्या हेतूला धरून आहे का, आणि औषध रोगापेक्षा जड तर होत नाही ना. पण कोर्ट सहसा आपल्या पायानं चालत येत नाही. कोणीतरी याचिका घेऊन जावं लागतं. त्यातही राज्यघटना आल्यानंतर झालेला कायदा घटनेला धरूनच आहे असं कोर्ट आधी गृहीत धरतं, चूक दाखवायचं ओझं जाणाऱ्याच्या डोक्यावर.

आता दिल्ली. कायदा मुंबई राज्याचा. केंद्रानं तो उचलून दिल्लीला लावला. 8 ऑगस्ट 2018 ला तिथल्या हायकोर्टानं म्हटलं की सरकारच माणसाला अन्न-निवारा पुरवू शकत नाही आणि भुकेपोटी हात पसरणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवतं, हे घटनेच्या कलम 14 (समानता) आणि 21 (जगण्याचा हक्क) मध्ये बसत नाही. पण निकाल दिल्लीला लावलेल्या कायद्याबद्दल होता. संत्र्याचं कलम नेऊन दुसऱ्याच्या वावरात लावावं तसं ते. त्यांनी त्यांच्या वावरातलं उपटलं, मूळ झाड आपल्याकडं उभंच आहे.

आणि कायद्यातली व्याख्या एकदा शांतपणे वाच. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, वस्तू विकायला पुढं करणं, अशा कोणत्याही मिषानं सार्वजनिक जागी घेतलेली भिक्षा म्हणजे भीकच. मागायला कोणाच्या खाजगी जागेत शिरणंही त्यातच. पकडायला वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा 1 ते 3 वर्षं संस्थेत डांबणं, वारंवार सापडल्यास 10 वर्षांपर्यंत. जो पूर्णपणे मागणाऱ्याच्या जिवावर जगतो त्यालाही आत ठेवायची तरतूद आहे. ज्यानं हे लिहिलं त्यानं गोंधळ कधी ऐकलाच नसेल असं मी म्हणत नाही. ऐकलाही असेल, घरच्या लग्नात.

मास्तरीणबाई
सगळं पटलं, पण एक बाजू राहिली. माझ्या वर्गातल्या दोन पोरी बाजाराच्या दिवशी शाळेत नसतात. त्यांना बसस्टँडवर हात पसरायला बसवणारा माणूस दुरून नजर ठेवून असतो, मी डोळ्यानं पाहिलंय. कायदाच काढून टाकला तर त्याला धरायचं कशाखाली?

जुना_शिरस्तेदार
बाई, म्हणून तर 'तेवढ्यापुरता' म्हणालो. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारं कलम 11 आहे, त्याला दिल्लीच्या कोर्टानं हात लावला नाही. लेकरांसाठी तर 2015 चा बाल न्याय कायदा वेगळाच आहे. त्याच्या कलम 76 मध्ये अशा माणसाला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख दंड आहे. निस्ताना खडे काढतात, तांदूळ फेकत नाहीत. त्या पोरींचं मात्र बालकल्याण समितीला कळवा, इथं लिहून थांबू नका.

एलएलबी_दुसरं_वर्ष_नागपूर
शिरस्तेदार काकांच्या लिहिण्यात थोडी भर घालतो. इंग्लंडमध्ये 1998 च्या मानवी हक्क कायद्यानुसार मंत्र्याला विधेयकासोबत लिहून द्यावं लागतं की माझ्या मते हे हक्कांशी सुसंगत आहे, किंवा तसं म्हणता येत नाही. आपल्याकडं त्याच्या जवळचं काही असेल तर मानवी हक्क आयोग. 1993 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार आयोग एखाद्या कायद्यातल्या संरक्षणाचा आढावा घेऊन शिफारस करू शकतो. शिफारसच, हुकूम नाही.

दादा, तुमच्यासाठी कामाचं हे की आयोग प्रकार घडल्यापासून एक वर्ष उलटलं की चौकशी करत नाही. म्हणजे येत्या नवरात्राच्या आत अर्ज गेला पाहिजे. त्याआधी कोर्टातून आदेशाची आणि हमीपत्राची नक्कल काढा. बाबांनी नेमकं काय लिहून दिलं ते कोणी वाचलंय का? ते शहर विदर्भातलं असेल तर याचिका हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. फुकट वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीत जा. 1987 च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींना सरसकट मदत आहे, भटक्या जमातींचं नाव त्या यादीत नाही. (हेही तपासायला हवं होतं कोणीतरी.) तुम्हाला उत्पन्नाच्या दाखल्यावर जावं लागेल.

संबळवाला_पोट्टा
सर्वाईचे आभार. नकलेचा अर्ज टाकून आलो. उत्पन्नाचा दाखला मीच माह्या केंद्रात काढला, आपल्याच बाबाचा फॉर्म पयल्यांदा भरला.

विधी सेवेच्या अर्जात धंद्याचा रकाना हाये. तिथले बाबू भले हायेत, म्हणे 'मजूर' लिहा, भानगड नाई. मी लिहून बी टाकलं होतं. बाबानं पेन मांगला. त्याईले सही सोडून जास्त लिहता येत नाई, म्हणून मले खोडाले लावलं अन् बाजूले 'गोंधळी' लिहून घेतलं. खाडाखोड झाली म्हणून बाबू नवा फॉर्म भरा म्हणे. आज सुट्टी हाये, उद्या पुन्हा जातो.

मूर्तिजापूरवाले काका, लगनाची तारीख कळवजा. संबळाले नवं कातडं चढवाले टाकलं हाये.