प्रचारातून पडद्यावर

प्रचाराची आखणी करणारा माणूस पुढे विश्वासार्ह पत्रकार होऊच शकत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला सरसकट मान्य नाही. जॉर्ज स्टेफनोपोलस अमेरिकेच्या १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत बिल क्लिंटन यांच्या प्रचारात होते, मग व्हाइट हाउसमध्ये गेले, आणि तेथून बाहेर पडल्यावर एबीसी वाहिनीवर आधी विश्लेषक व २००२ पासून 'धिस वीक' या राजकीय चर्चेच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक झाले. हा प्रवास कोणापासून लपलेला नव्हता. मात्र २०१५ मध्ये त्यांनी क्लिंटन कुटुंबाच्या क्लिंटन फाउंडेशन या संस्थेला दिलेल्या ७५ हजार डॉलरच्या देणग्या उघड झाल्या, आणि त्याच संस्थेवर टीका करणाऱ्या लेखकाची मुलाखत त्यांनी या देणग्यांबद्दल अवाक्षर न काढता घेतली होती, हे मला फार गंभीर वाटते. त्यांनी माफी मागितली व रिपब्लिकन उमेदवारांच्या वादचर्चेचे सूत्रसंचालनही सोडले.

आपल्या सिंधुदुर्गातही वाडीवार मतदारयाद्यांवर खुणा करणारे, कोणत्या घरचे चाकरमानी मतदानाला गावी येणार हे तोंडपाठ असणारे कार्यकर्ते निकालानंतर स्थानिक यूट्यूब वाहिन्यांवर विश्लेषक म्हणून बसतात. त्यांची माहिती अस्सल असते आणि ती ऐकायलाच हवी. पण आपण कोणत्या उमेदवाराचे काम केले, हे त्यांनी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगितले पाहिजे, आणि ते विचारण्याचे काम निवेदकाचे आहे.