जीआयएसचे दोन अभ्यासक्रम समोर आहेत, कोणता निवडू?

रेघोटी
नमस्कार मंडळी. भूगोलात पदवी झाली आहे. क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर बऱ्यापैकी हाताळते. क्लिप (नकाशाचा हवा तो भाग कापणं), बफर (एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा), जॉइन (दोन तक्ते जोडणं), थीमॅटिक नकाशे एवढं जमतं. पुढे जीआयएस (जागेशी जोडलेली माहिती संगणकावर हाताळण्याचं तंत्र) आणि स्पेशियल डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये मास्टर्स करायचं ठरवलंय. दोन ठिकाणचे अभ्यासक्रम पाहिले. नावं जवळजवळ एकच, आतला मजकूर पार वेगळा.

पहिल्यात कार्टोग्राफी (नकाशाशास्त्र), रिमोट सेन्सिंग (उपग्रह किंवा विमानातून दुरून माहिती टिपणं), जीपीएस सर्व्हे आणि एकाच व्यावसायिक सॉफ्टवेअरची भरपूर प्रात्यक्षिकं. दुसऱ्यात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस, स्पेशियल स्टॅटिस्टिक्स आणि शेवटचं अख्खं सेमिस्टर प्रबंधाला. पहिला आरामात होईल. दुसऱ्याच्या यादीत मोरान्स आय, व्हेरिओग्राम, क्रिगिंग असली संख्याशास्त्रातली नावं वाचून पोटात गोळा आला, कारण शाळेनंतर गणिताशी संबंध उरलेला नाही.

पण मला नुसते नकाशे काढायचे नाहीत. रोगाची साथ असो की पाणीटंचाई, ती तिथेच का, हे शोधायचं आहे. दुसऱ्याला गणित कितपत लागेल? आणि विषयांच्या यादीवरून दर्जा कळतो का?

खडूफळा
यादीवरून फार कळत नाही हो. दोन्हीकडून जुनी प्रात्यक्षिकं मागवा. 'या मेनूत जा, हे बटण दाबा' एवढंच असेल तर ते सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण आहे. नवी आवृत्ती आली की अर्धं वाया. चांगलं प्रात्यक्षिक तुम्हाला अडचणीत टाकतं. उदाहरणार्थ, ईपीएसजी ४३२६ मधला, म्हणजे अक्षांश-रेखांशात मोजलेला लेयर (नकाशाचा थर) देऊन ५०० मीटरचा बफर मागायचा. तिथलं एकक अंश, त्यामुळे ५०० लिहिलं की पृथ्वीलाच वेढा. किंवा वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणावर क्षेत्रफळ काढायला लावायचं: ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट येतं, सॉफ्टवेअर मात्र आकडा छान छापून देतं.

साथीच्या रोगांचं म्हणताय तर आणखी एक बघा: तेच रुग्ण वॉर्डनिहाय मोजले की एक चित्र आणि चौकोनी ग्रिडमध्ये मोजले की दुसरं. याला एमएयूपी (मॉडिफायेबल एरियल युनिट प्रॉब्लेम) म्हणतात. अभ्यासक्रमात हा विषय कुठेच नसेल, तर नावातला 'अ‍ॅनालिसिस' शोभेपुरता समजा.

गणिताचं एवढं मनावर घेऊ नका. मोरान्स आय (१९५०) म्हणजे एखाद्या जागेचं मूल्य शेजारच्यांच्या मूल्यांशी किती जुळतं याचं माप. सहसंबंध समजला की हेही समजतं. खरी मेख 'शेजारी कोण' हे ठरवण्यात आहे: सीमा लागून असलेले, की ठरावीक अंतरातले? व्याख्या बदलली की उत्तर बदलतं. क्रिगिंग हीसुद्धा भारित सरासरीच, फक्त भार व्हेरिओग्रामवरून, म्हणजे अंतर वाढेल तसा मूल्यांतला फरक कसा वाढतो याच्या आलेखावरून ठरतात. प्रवेशाआधी मॅट्रिक्स, सरासरी-विचरण आणि रिग्रेशन पक्कं करा. कॅल्क्युलस नंतर बघता येईल.

लेयरवाला
खडूफळा यांचं बरंचसं पटलं, पण पहिल्या अभ्यासक्रमाला इतकं हलक्यात घेऊ नये. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक पिक्सेलही १० मीटरचा. त्यात ऊस आहे की गवत, हे जमिनीवर जाऊन तपासलेलं नसेल तर पुढचं सगळं मॉडेल हवेत. फील्डवर्क न केलेली पायथनवाली मंडळी कुठलाही डेटा खरा मानतात, असा माझा अनुभव.

उलट बाजूही सांगतो. प्रत्यक्ष कामात निम्माअधिक वेळ डेटा साफ करण्यात जातो. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात कॉलमच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे नावं कापली जाऊन गोंधळ होतो. असल्या कामात एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येणारा माणूस सुटतो, बाकीचे माउस घासत बसतात. डेटाबेस आणि फील्डवर्क दोन्ही जिथे आहे तिथे जा. नसेल तर जे घरी शिकता येत नाही ते विद्यापीठात घ्या. पायथन घरी शिकता येतं, स्टॅटिस्टिक्स एकट्याने शिकणं कठीण.

खडूफळा
हे मान्य. मशीन लर्निंगचा पेपर असेल तर व्हॅलिडेशन, म्हणजे मॉडेल किती खरं ठरतं याची तपासणी, कसं शिकवतात तेही विचारा. भूगोलतज्ज्ञ टोब्लर यांनी १९७० मध्येच मांडलं होतं की जवळच्या गोष्टी जास्त सारख्या असतात. तरी लोक बिंदू रँडम वाटून काही ट्रेनिंगला, काही टेस्टला ठेवतात, आणि टेस्टच्या बिंदूशेजारीच ट्रेनिंगचा बिंदू असल्याने अचूकता फुगते.

रेघोटी
दोघांचेही आभार, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. जुनी प्रात्यक्षिकं आजच मागवते. दुसऱ्याकडे झुकले आहे, पण तिथे फील्डवर्क ऐच्छिक दिसतंय. प्रबंधासाठी स्वतः जमिनीवरचा डेटा गोळा केला तर चालतं का, की मार्गदर्शक तयार डेटासेटच घ्यायला लावतात? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.