पुन्हा उपचाराला गेलेल्यांनी लिहा: दिवसा केंद्रात, रात्री घरी

व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला माणूस पुन्हा प्यायला लागला की आपल्याकडे एकच वाक्य ठरलेलं असतं, 'एवढे पैसे घातले, वाया गेले.' माझ्या भावाविषयी मी ते गोव्यात, फोंड्याच्या बाजारात ऐकलं, घरच्या लग्नातही ऐकलं. तो नंतर परत उपचाराला गेला, मात्र राहायला नाही. सकाळी जायचं, गटात बसायचं, समुपदेशकाशी बोलायचं, औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. अमेरिकेत अशा उपचारांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: आठवड्याला २० तास किंवा जास्त, आणि त्याखालची ९ ते १९ तासांची. आपल्याकडे इतकी आखणी सगळीकडे नाही. कुठे 'डे केअर' म्हणतात, कुठे नुसतं 'फॉलोअप'.

२००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात व्यसनाची तुलना रक्तदाब, मधुमेह आणि दमा यांच्याशी करणारा एक लेख आला होता. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरलं जातं. रक्तदाब आणि दम्याचे रुग्ण पुन्हा बिघडण्याचं प्रमाण त्याहून कमी नाही. बीपीची गोळी सोडलेल्या काकांना आपण मुकाट्याने पुन्हा डॉक्टरकडे नेतो. भावाला नेताना मात्र घरात दोन महिने भांडणं झाली.

म्हणून हे आवाहन. जे परत गेले त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लिहावं. केंद्राचं आणि डॉक्टरांचं नाव नको, गोळ्यांचं प्रमाण नको. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती जिवाची आहे: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडून थेट डे केअरला येऊ नये. पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टरला दाखवा, गरज असेल तर दाखल व्हा. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आहे, मानसोपचार संस्थाही तिथेच आहे.

सांखळीजवळून, पूर्वी खाणीवर ट्रक होता

२०१२ ला खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते चालूच. आधी संध्याकाळी घ्यायचो, मग दुपारी, मग सकाळी हात थरथरायचे म्हणून. भावाने घाटावरच्या एका केंद्रात नेऊन ठेवलं. तिथे चांगला राहिलो, खरंच. पहाटे व्यायाम, वेळेवर जेवण, झोप लागायची. पण तिथे तावेर्न (दारूचा गुत्ता) नव्हतं, बँकेचा माणूस येत नव्हता, बायको गप्प गप्प बसलेली नव्हती. घरी आलो तर हे सगळं जागच्या जागी. चवथीला (गणेशचतुर्थीला) आरत्या संपल्या, चार जण मागल्या दारी बसले, मीही बसलो.

दुसऱ्या दिवशी वाटलं, गेलंच आहे सगळं तर आता थांबायचं कशाला? त्या एका ग्लासापेक्षा हे वाटणं जास्त नडलं. चवथ होऊन गेली तरी मी पीतच होतो. पुढे समुपदेशकाने सांगितलं की हा टप्पा जवळजवळ प्रत्येकाला येतो आणि मार्लट नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने यावर खूप काम केलं. मला फार बरं वाटलं. आपल्यासारखे इतके आहेत की कुणी त्याचा अभ्यास करतो!

दिवसाच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा 'का प्यायलास?' असं कुणी विचारलं नाही. 'त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांग' म्हणाले आणि फळ्यावर लिहीत गेले. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवाचं, सामान आणायला पैसे नव्हते. मेहुणा चारचौघांत बोलला. रागाने जेवलो नाही. मित्राचा फोन आला तो उचलला. संध्याकाळच्या ग्लासाची सुरुवात सकाळीच झाली होती, आणि मधे तीन-चार जागी मला दुसरीकडे वळता आलं असतं. हे मला आधी कुणी दाखवलंच नव्हतं.

बसमधून उतरायचो तिथे समोर बार. गटात ठरलं, एक थांबा आधी उतरायचं आणि शेताच्या बाजूने चालायचं. मग त्या वाटेवर काय झालं, कोण भेटला, मन कुठे ओढलं, ते दुसऱ्या सकाळी सगळ्यांपुढे सांगायचं. निवासी केंद्राला मी नावं ठेवत नाही, माझा जीव तिथेच वाचला. पण तिथे सांगायला घरची संध्याकाळच नसते. इथे रोज एक संध्याकाळ घेऊन यायचो.

दारात फुंकायचं मशीन असायचं. त्यात दारू दिसली तर हाकलत नसत, बाजूला बसवून डॉक्टरला बोलावत.

डिचोलीहून, पत्नी

वरच्या भावांनी लिहिलं आहे की बायको गप्प बसायची. मीही बसायचे. बोलून बोलून दमलेली बाई गप्पच बसते.

आमचे हे पुन्हा सुरू झाले तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला एक गोळी सुचवली, 'भाजीत घाल, त्यांना कळणार नाही.' मी डॉक्टरांना विचारलं. ते खुर्चीतून पुढे झाले आणि म्हणाले, अजिबात नाही. ती गोळी डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. घेणाऱ्याला माहीत हवं, त्याची संमती हवी, आधी तपासण्या हव्यात. हे वाचणाऱ्या सगळ्या बायकांना हात जोडून सांगते, चोरून देऊ नका.

ह्यांना शेवटी दुसरंच औषध दिलं, ओढ कमी करणारं. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे घरच्यांची बैठक. तिथे मला सांगितलं की खिसे तपासणं थांबवा, ते काम तुमचं नाही. त्याऐवजी ह्यांनी घरी आल्यावर स्वतःहून दिवस कसा गेला ते सांगायचं, मी मधे बोलायचं नाही. सुरुवातीला दोघांनाही अवघड गेलं. सासूबाई दाराआडून ऐकायच्या. आता त्याही येऊन बसतात.

मडगावहून

मी बाई आहे आणि मी पीत होते, हे इथे लिहायलाच मला फार वेळ लागला. पुरुष प्यायला तर निदान लोकांत बोलतात तरी. माझं घरात कुणी उच्चारलंच नाही. आईने भावाला सांगितलं की हिला अॅसिडिटीचा त्रास आहे.

राहून उपचार घेणं मला शक्यच नव्हतं. मुलं शाळेत, सासरे अंथरुणावर. मुलं गेली की निघायचं आणि ती यायच्या आत परतायचं, एवढंच मला जमणार होतं. गटात मी एकटीच बाई. पुरुष वाईट वागले असं मुळीच नाही, पण त्यांच्या गोष्टी बारच्या, मित्रांच्या, मारामाऱ्यांच्या. माझी गोष्ट स्वयंपाकघरातल्या कपाटातली. ती त्यांच्यापुढे बोलवेना. मी जायचं बंद केलं.

परत गेले ते समुपदेशक बाईंचा फोन आला म्हणून. 'का आला नाहीत' हा सूर नव्हता, 'कशा आहात' असं विचारलं. मग मी स्पष्ट मागितलं: आठवड्यातून एक बैठक फक्त बाईबरोबर. त्यांनी दिली. पुढे आणखी दोघीजणी आल्या. आयोजकांपैकी कुणी हे वाचत असेल तर कृपा करून बायकांसाठी वेगळा तास ठेवा. आम्ही आहोत, फक्त दिसत नाही.

बार्देशहून, वय तिशीच्या आत

किनाऱ्यावर शॅकमध्ये काम करायचो, ब्राऊन शुगर (हेरॉईन) घ्यायचो. मला तिच्या जागी देतात ती जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे, सुरुवातीला रोज केंद्रात जाऊन समोर घ्यावी लागायची. लोक म्हणतात एक सोडून दुसरं धरलं. म्हणू देत. मी आता रात्री झोपतो आणि सकाळी कामाला जातो.

माझ्यासारख्यांसाठी एकच महत्त्वाचं. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरते. पुन्हा घेतलं आणि जुनंच प्रमाण घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. माझा एक दोस्त असाच गेला, उपचार पूर्ण करून घरी आल्यावर. पुन्हा घेतलं गेलं तर लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी केंद्राला कळवा.

वास्कोहून

मला दिवसाचा कार्यक्रम लागू पडला नाही, तेही नोंदवतो. माझी खोली बारच्या वर, खोलीतले सोबती पिणारे. घरी परतणं म्हणजे तिथेच परतणं. डॉक्टरांनीच थांबवलं आणि दाखल केलं. मग बहिणीकडे राहायला गेलो आणि तिथून दिवसाचा कार्यक्रम पुन्हा धरला, तेव्हा जमलं. रात्री झोपायला धड जागा आहे का, हे आधी बघा.

पणजीहून, विम्याविषयी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे, आणि त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्थाही येतात. तरी माझा दावा नाकारला, कारण पॉलिसीत २४ तास दाखल असण्याची अट. रोज घरी जाणाऱ्याला ती कशी पुरी होणार? पैसे भरण्याआधी ही अट वाचा आणि नकार आला तर लेखी घ्या.

सत्तरीहून

सगळं वाचलं. माझं वेगळं आहे. घरचीच काजूची दारू गाळायची भाटी. मार्च ते मे अंगणात बोंडू (काजूची फळं), हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या धारेच्या काजूच्या दारूचा, वास अंथरुणापर्यंत. दोन वर्षं नीट होतो, दिवसाचा कार्यक्रम पूर्ण केला होता, या हंगामात पुन्हा घेतली. अजून रोजची झालेली नाही. केंद्रात परत जायचं तर त्याच लोकांपुढे बसावं लागणार. काय सांगू त्यांना? आणि भाटी तर बंद करू शकत नाही, वर्षाचं उत्पन्न आहे.

सांखळीजवळून

भाऊ, तुझा हंगाम कधी येतो ते कॅलेंडरात दिसतं, ही चांगली गोष्ट आहे. माझी चवथ तशीच. मी आता चवथीच्या आधीच्या आठवड्यापासून रोज जायला लागतो, एरवी आठवड्यातून एकदा. तूही मागून घे, फेब्रुवारी अखेरीपासून. भाटीवरचं काम वाटून घेता येतं का ते घरच्यांना घेऊन बस आणि ठरव: बोंडू गोळा करणं, हिशोब, गिऱ्हाईक तुझ्याकडे, भाटी लावणं आणि चव बघणं दुसऱ्या कुणाकडे.

लोकांपुढे काय सांगायचं ते आत्ता ठरवू नकोस. पोचल्यावर 'परत आलोय' म्हण. पुढचं ते विचारतात.

फोंड्याहून

सत्तरीच्या भाऊंना: आजच केंद्राला फोन करा, सोमवारची वाट नको. रात्री फार अस्वस्थ वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही मोफत आहेत. केंद्रात जाऊन आलात की इथे कळवा. सोबत कुणी हवं असेल तर तेही लिहा, माझा भाऊ म्हणतोय की तो वाळपईपर्यंत येईल.