धर्माचा प्रचार की प्रसार? (आणि मध्येच 'आमिष')

चाटीगल्ली: मंडळी, एका शब्दावर अडलेय. धर्म, पैसा आणि कायदा यांवरचा लेख मराठीत करतेय. त्यात घटनेचं 25वं कलम आलं. मी 'धर्माचा प्रचार करण्याचा हक्क' असं लिहिलं. संपादकांनी लाल शाईनं 'प्रसार' केलं आणि समासात 'अधिकृत मराठी प्रत पाहा' एवढंच लिहिलं. पाहिली. मराठीत खरंच 'प्रसार' आहे, पण हिंदी प्रतीत 'प्रचार'! माझ्या कानाला प्रचार म्हणजे सांगणं आणि प्रसार म्हणजे पसरवणं. हे दोन वेगळे हक्क झाले ना?

बाळीवेस: संपादक बरोबर आहेत. मराठीत प्रचार म्हटलं की रिक्षावरचा भोंगाच आठवतो. आमच्या सोलापुरात निवडणूक लागली की एकच रिक्षा मराठी, कानडी, तेलुगू अशी तिन्ही भाषांत ओरडत फिरते. तो शब्द धर्माला लावलात तर देवाला निवडणूक चिन्हही द्यावं लागेल.

तारीखपेतारीख: मी उलट म्हणेन. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा नाही. म्हणजे अर्थानं तो प्रचारच. मराठी प्रत जास्त सैल हाताची निघाली. आणि खरी मारामारी या शब्दावर नव्हतीच. धर्मांतराविरुद्धचे दोन कायदे, ओडिशाचा 1967चा आणि मध्य प्रदेशचा 1968चा, दोन्हीत कळीचा मुद्दा 'प्रलोभन'. ओडिशाचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयानं उडवला, त्याला ही व्याख्या फार ऐसपैस आहे हेही एक कारण होतं. वर गेल्यावर दोन्ही कायदे टिकले.

चाटीगल्ली: तोही माझ्या यादीत आहे! प्रलोभन की आमिष?

कडकभाकरी: आमिषच. प्रलोभन म्हणताना जीभ अडखळते. आमिष म्हणजे मांस, गळाला लावतात तो तुकडा. बंगाली माणूस शाकाहाराला निरामिष म्हणतो. तेव्हा शास्त्राप्रमाणे माळकऱ्याला आमिष दाखवताच येत नाही.

विडीघरकुल: आमच्या तेलुगूत लाचेला लंचम, कानडीत लंच. मराठीतली लाच त्यांचीच सख्खी बहीण असणार. इंग्रजी लंचचा संबंध नाही, पण प्रचाराच्या दिवसांत दोन्ही एकाच पाकिटात येतात की ओ.

बाळीवेस: म्हणूनच निवडणुकीच्या 1951च्या कायद्यात, कलम 123 मध्ये, मतदाराला लाच देणं आणि धर्माच्या नावानं मत मागणं ही एकाच यादीतली पापं आहेत.

नंदीध्वज: मग यात्रेतला महाप्रसाद काय म्हणायचा? भीमा ओलांडून कर्नाटकात गेलं की 2022च्या धर्मांतरविरोधी कायद्यात धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षणसुद्धा आमिषात बसवलंय.

तारीखपेतारीख: धर्म बदलण्यासाठी देऊ केलं तरच. नुसत्या बुंदीला कोण धरतंय?

जुनीमिल: मला 'आमिष' हा शब्दच लंगडा वाटतो. माझी आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, पुढं चर्चला जायला लागली. घरात सगळे म्हणायचे, दुधाच्या पावडरीला भुलली. ती म्हणायची, "पावडर सगळ्या गल्लीनं खाल्ली, भुलले मी एकटीच कशी?" कागदावर मात्र शेवटपर्यंत हिंदूच राहिली. 1950च्या आदेशानुसार धर्म बदलला की अनुसूचित जातीचा दाखला जातो. शिखांना 1956 साली आत घेतलं, बौद्धांना 1990 साली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. पेटीत तळाशी, कोऱ्या पातळाच्या घडीत तो दाखला ठेवलेला असायचा, बायबल वर. आता सांगा, त्या दाखल्याला काय म्हणू? आमिष की दावं?

बाळीवेस: हे राजकारण झालं. इथं शब्दांपुरतं बोलू या.

जुनीमिल: पावडरीला आमिष म्हणायचं आणि दाखल्याला सवलत, हे ठरवतं कोण? शब्दाचंच विचारायलोय ओ.

कडकभाकरी: आमिषापेक्षा 'दावं' आवडलं. पण कायद्याच्या मराठीत चालायचं नाही, तिथं 'बळजबरी'.

जुनीमिल: बळजबरी कुठं केली कुणी? दावं दिसतं तरी का, गाय लांब गेल्याशिवाय?

विडीघरकुल: मी 'लालूच' सुचवतो. सगळ्यांना कळतं.

कडकभाकरी: हिंदीतून उचललेलं नको. मग घटनाही हिंदीतच वाचा.

नंदीध्वज: शुद्ध मराठीचा एवढा पुळका, तर 'गड्डा' कुठला ते सांगा. जन्म गेला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत.

विडीघरकुल: कानडी. गड्डे म्हणजे कंद.

कडकभाकरी: मुळीच नाही. कोबीचा गड्डा मराठीच आहे.

चाटीगल्ली: अहो, प्रचार की प्रसार? उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

नंदीध्वज: कोबी इथं आला कधी, ते आधी बघा.